बन्सीधर शेटच्या दुकानापुढची बाज

सुमनबाई परभणीत मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टर होत्या, तेव्हाची ही गोष्ट. नामांतराच्या मोर्च्यांनी बाजार मधूनच बंद व्हायचा ती वर्षं. वसतिगृहातल्या पोरी झरी-जिंतूरकडच्या. दिवाळी झाली की आईबाप ऊसतोडीला जायचे, मग पोरींना घर म्हणजे सुमनबाईच. सकाळी देवापुढं हात जोडताना बाई त्यांच्यासाठीही मागायच्या.

वसतिगृहाच्या बाजा सरकारी रिवाजानं, दुकानदारांची दरपत्रकं मागवून घेतल्या जायच्या, आणि ज्याचा दर कमी त्याचाच माल. बन्सीधर शेटच्या लोखंडी बाजांना झगझगीत प्लास्टिकच्या पट्ट्या असायच्या. संक्रांतीच्या आत त्या तटातट तुटल्या. पोरी थंडीत फरशीवर निजल्या आणि बाजा भंगारात गेल्या.

पुढच्या खेपेला बाईंनी हट्टानं एक अट घालायला लावली. वर्षाच्या आत मोडलं तर दुकानदारानं नीट करून द्यावं. कचेरीतले कारकून हसले, म्हणाले, दुकानदाराच्या मागं फिरणार कोण?

"मी फिरंन की," बाई म्हणाल्या. "घरची घागर गळली तर आपण कुंभाराकडं नेतोच ना? मग सरकारच्या घराला काय झालं?"

दर पुन्हा शेटचाच कमी निघाला. अटीवर त्यानं हसतच सही ठोकली. पट्ट्या पुन्हा तुटल्या. बाईंनी निरोपावर निरोप धाडले, शेटचं आपलं आज बघू, उद्या बघू. इकडं पोरी खोकायला लागल्या.

शेवटी बंद उठून बाजार उघडला त्या सकाळी बाईंनी चार थोराड पोरी घेतल्या आणि एक बाज खांद्यावर देऊन निघाल्या. रस्त्यातली माणसं बाजूला सरायला लागली. एका म्हाताऱ्यानं तर तिरडी समजून हात जोडले. पोरींना हसू आवरेना, बाई मात्र गंभीर. दुकानापुढं ठेवताना बाज उलटी पडली का पाडली, ते त्यांनी जन्मात कुणाला सांगितलं न्हाई.

चारी पाय वर बघून शेट गादीवरून उठलाच. "बाई, अजून भवानी व्हायचीय माझी. मयत झाल्यागत दारात उलटी बाज? सरळ करा आधी."

"नीट झाली की सरळच हाय ती, शेट. पोरी खाली निजायल्यात."

गिऱ्हाईक पायरी चढेना, सगळे बघत उभे. शेटनं स्वतःच वाकून बाज सरळ केली.

पट्ट्याच पुन्हा लावल्या तर बाई पुन्हा येतील, एवढं त्याला कळलं. त्यानं बाजा विणणाऱ्या झरीच्या नागनाथला धाडलं. नागनाथनं पट्ट्या काढून अंबाडीच्या दोरीनं बाजा विणल्या आणि ढिली पडली तर कशी ओढायची ते पोरींना दाखवलं. पुढं शेटचं दरपत्रक यायचं तेच दोरीच्या बाजांचं. दर थोडा चढा, पण अट बघून दुसरेही तसेच दर भरायचे.

घरी आल्यावर बाईंनी देवापुढं नाक घासून माफी मागितली होती, सकाळच्या पारी कुणाच्या दारात अभद्र केलं म्हणून.

आता त्या लेकाकडं असतात, गादीच्या पलंगावर निजतात. तरी रविवार आला की त्यांना ते अंगण दिसतं. न्हालेल्या, मोकळ्या केसांच्या पोरी लोखंडाला पाय लावून दोरी ओढायल्यात, आणि एकीची पकड सुटली की सगळ्याजणी मागं कोलमडून हसायल्यात.