धनलालभाऊ आणि सपरीतला पिंजरा

फोन आला तेव्हा मी नागपुरात, पाळीव प्राण्यांच्या एका दुकानात उभी होते. हातात उंदरांच्या खाद्याचं पाकीट होतं. ते आणायला धनलालभाऊंनीच फोनवर सांगितलं होतं, त्याच दिवशी सकाळी आठ वाजता. "मॅडम, बिनरंगाचं आणजा. रंगवालं आणलं का लाल लाल दाणे निवडून खातेत अन् बाकी फेकून देतेत." मी हसले होते. साडेअकराला आमच्या देवरीच्या कॉलेजातल्या एका सहकाऱ्याचा फोन आला. "धनलालभाऊ गेले." मी विचारलं, "कुठे गेले?" खरंच असं विचारलं मी. दुकानदार पाकीट हवं की नको म्हणून माझ्या तोंडाकडे बघत होता.

आमच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत ते परिचर होते. त्या दिवशी त्यांनी फळा पुसला, सूक्ष्मदर्शकं ओळीनं मांडली, स्टुलावर बसले आणि तसेच खाली कोसळले. वय त्रेपन्न. तापासाठीसुद्धा कधी रजा घेतली नव्हती. मी मिळेल त्या बसनं निघाले. पण उन्हाळ्याचे दिवस, थांबणं कुणालाच शक्य नव्हतं. त्यांच्या गावी पोचले तेव्हा माणसं नाल्यावरून आंघोळ करून परतत होती. ओल्या पंच्यातल्या त्यांच्या थोरल्या भावानं मला पाहिलं आणि फक्त मान हलवली. मी धनलालभाऊंना शेवटचं पाहिलंच नाही. आज सहा आठवडे झाले, तरी सकाळी प्रयोगशाळेचं दार उघडं दिसलं की मी आत हाक मारते.

आमची ओळख तशी बारा वर्षांची, पण ती खरी झाली ती उंदरांमुळे. पूर्वी प्रात्यक्षिकांसाठी पांढरे उंदीर ठेवले जायचे. पुढे चिरफाड बंद झाली आणि चार उंदीर पिंजऱ्यात उरले. त्यांचं काय करायचं, हे मी ठरवायचं होतं. मी सहज म्हटलं, "द्या सोडून जंगलात." धनलालभाऊ माझ्याकडे बघतच राहिले. "पांढरे आहेत जी मॅडम. घुबडाले बॅटरी लावून दाखवल्यावानी होईन. एक दिस नाही टिकत." मी इतकी वर्षं प्राणिशास्त्र शिकवत होते आणि हे मला सुचलं नव्हतं. संध्याकाळी त्यांनी पिंजरा सायकलला बांधला आणि घरी नेला.

धान पिकवणाऱ्या घरात उंदीर पाळायचे! गावानं त्यांची भरपूर थट्टा केली. त्यांचे थोरले भाऊ तर दारात येऊन ओरडले, "जो आपली कोठी फोडते, त्यालेच तू काऊन चारून राहिला बे?" बायकोनं, कौसल्यावहिनींनी, एकच अट घातली. पिंजरा बाहेर सपरीत, म्हणजे पडवीत राहील, चुलीच्या बाजूला येणार नाही, आणि त्या त्याला हात लावणार नाहीत. धनलालभाऊंनी मानलं. चारही माद्या आहेत असा त्यांचा समज होता. महिन्याभरात पिंजऱ्यात पिल्लंच पिल्लं झाली, तेव्हा ते कॉलेजात येऊन माझ्यासमोर खाली मान घालून उभे राहिले. मग नर वेगळे, माद्या वेगळ्या, असे दोन पिंजरे झाले. धानाचा कोंडा घरात ढिगानं असून त्यांनी तो कधी खाली अंथरला नाही. धुळीनं उंदरांची छाती भरते म्हणायचे. जुन्या उत्तरपत्रिका फाडून, हातानं मऊ करून अंथरायचे. नापास मुलांच्या पेपरांवर उंदीर किती सुखानं झोपतात, हे दाखवायला त्यांनी मला पहिल्यांदा घरी नेलं होतं.

नंतर उंदराची काळजी माझ्याच घरी आली. मुलीनं हट्टानं एक करडी उंदरीण आणली होती, मिठी नावाची. मुलगी शिकायला नागपूरला गेली आणि मिठीनं खाणं सोडलं. कोपऱ्यात पाठ फुगवून बसायची. औषध विचारायला मी भाऊंना बोलावलं. ते पिंजऱ्यासमोर उकिडवे बसले. "एकटी पडली जी," ते म्हणाले. "याले औषध नाही. उंदराले उंदीरच लागते. तुमी किती बी जीव लावा, तुमाले त्याच्या कानामागं चाटता येते का?"

मिठीला त्यांच्याकडे न्यायचं ठरलं, पण त्यांनी तिला थेट दुसऱ्यांच्या पिंजऱ्यात सोडलं नाही. आठवडाभर तिचा पिंजरा माद्यांच्या पिंजऱ्याशेजारी ठेवला. मग रोज थोडा वेळ लाकडी बाजेवर सगळ्या माद्यांना एकत्र सोडायचं, कारण बाज कुणाचीच जागा नव्हती. पहिल्याच दिवशी एका थोराड मादीनं मिठीला उताणं पाडलं. मिठी किंचाळली, मीही किंचाळले आणि हात पुढे केला. भाऊंनी माझं मनगट धरलं. "थांबा. रगत निघालं का? नाही ना? मंग होऊ द्या. ओळख होऊन राहिली." पंधराव्या दिवशी मला बोलावणं आलं. पिंजरा घासूनपुसून, आतल्या सगळ्या वस्तू हलवून ठेवलेल्या, म्हणजे तोही आता कुणा एकीचा उरला नव्हता, आणि मिठी त्या थोराड मादीच्या पोटाखाली अर्धी दडून झोपलेली. भाऊ माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. मुलगी गेल्यापासून मीही नीट जेवत नव्हते, हे त्यांच्या लक्षात आलं असावं... त्या दिवसापासून शनिवारी दुपारी माझं ताट त्यांच्या घरी वाढलं जायचं.

ती थोराड मादी पुढे म्हातारी झाली. मागचे पाय गेले. भाऊंनी पिंजऱ्यातले वरचे माळे काढून सगळं जमिनीवर आणलं, पाण्याची वाटी उथळ केली. मिठी तिचं अंग चाटून साफ करायची. ती म्हातारी मेली तेव्हा मी तिथंच होते. भाऊंनी लगेच तिला बाहेर काढलं नाही. मिठी आली, हुंगली, नाकानं ढकललं, मग कागदाचे तुकडे आणून तिच्या अंगावर टाकू लागली. तासाभरानं भाऊंनी म्हातारीला उचललं. म्हणाले, "त्यायले दाखवा लागते, मॅडम. नाही दाखवलं तर शोधत राहतेत."

हे वाक्य मला बसमध्ये आठवलं नाही, त्या संध्याकाळी गावातही नाही. तीन आठवड्यांनी, शनिवारी, ते खाद्याचं पाकीट घेऊन मी त्यांच्या घरी गेले, तेव्हा आठवलं आणि पाय सपरीतच अडले. कौसल्यावहिनी आतून आल्या. मी त्यांना काही विचारलं नाही. विचारायचा मला काय हक्क? कसंबसं एवढंच म्हणाले, "वहिनी, मला पाहायलाच मिळालं नाही."

त्या माझ्याजवळ खाली बसल्या. "मी सांगतो तुमाले," त्या म्हणाल्या. इकडे बायकाही असंच बोलतात. "झोपल्यावानीच दिसत होते. कपाळावर आठी नव्हती. उजव्या कानामागं खडूची भुकटी लागली होती, पांढरी. बाया म्हणत होत्या पुसून टाक. मी नाही पुसली. म्हटलं, कामावरून आले तसेच जाऊ द्या." मग आम्ही दोघी रडलो. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की माणूस गेला आहे.

जरा वेळानं मी पिंजऱ्याकडे बघितलं. मला वाटलं होतं, आता उंदीर कुणाला तरी देऊन टाकले असतील. नरांचा पिंजरा केव्हाच रिकामा झाला होता; मिठी आणि तिच्या दोन सोबतिणी आत होत्या. पाणी ताजं होतं, कागद बदललेले होते. छताच्या गजांना चार दोऱ्यांनी खाकी कापडाची एक झोळी टांगली होती आणि तिघी तिच्यात एकमेकींवर पडून झोपल्या होत्या. झोळीच्या कडेला काज होतं. ती भाऊंच्या सदऱ्याची बाही होती.

"तुम्ही शिवली?" मी विचारलं.

वहिनींनी पिंजऱ्याचं दार उघडलं, हात आत घातला आणि झोळी जरा सारखी केली. एकीनं डोळे न उघडता त्यांच्या बोटावर पाय ठेवला. वहिनींनी बोट काढलं नाही.

"धुतली नाही बाही," त्या म्हणाल्या. "ओळख राहू दे म्हटलं. त्यायले... अन् मले बी."