दोन गाड्या आणि तिघे मानकरी

सांगलीतल्या एका क्लासमध्ये मी एमबीएच्या प्रवेश परीक्षेचं रीझनिंग शिकवते. ओरडून ओरडून घसा बसतो, पण राग काही बसत नाही. मग त्याचे किस्से होतात. आता तर इतके झालेत की घरचे जेवताना म्हणतात, "आज कुणावर?"

*

ग्रुपिंगचं कोडं होतं. सात जण, दोन समित्या. अ असेल तर ब येणार नाही, क ला ड सोबत हवाच.

तासगावच्या बेदाणा व्यापाऱ्याचा इम्रान उठला. "मॅडम, अ ला काढूनच टाकू. लय भाव खातोय!"

"परीक्षेत कुणाला काढता येत नाही!"

"मग ब ची समजूत काढू की."

मार्कर फेकून मारला. नेम चुकला, याचा आजही राग आहे.

*

एका मुलाचे वडील सैन्यातून रिटायर झालेले सुभेदार. "ह्याला क्लास कशाला? आमी चहा पिता पिता ड्युट्या लावायचो!"

मी त्यांच्यापुढं कोडं ठेवलं. त्यांनी झटक्यात सगळे बसवले, फक्त फ उरला.

"ह्याचं काय?"

"त्यो रजेवर."

*

आमच्या संचालकांनी एकदा स्वतःच ग्रुपिंग केलं. पुढं 'सिलेक्शन बॅच', मागं 'बाकी'. जतची सारिका बाकीत! वर्गात सगळ्यात आधी कोडं सोडवणारी मुलगी!

"कशावरून?" मी विचारलं.

"तिकडच्या पोरींची लग्नं होतात हो मॅडम. कशाला मेहनत वाया घालवता?"

मी सारिकाचा बाक स्वतः ओढत पुढं आणला. फरशीवर ओरखडा उठला, त्याचे पैसे त्यांनी माझ्या पगारातून कापले. कापू देत.

*

आणि त्याच सारिकाचा साखरपुडा ठरला, नेमका परीक्षेच्या दिवशी! तोही कोरेगावला, मुलाकडं. मी तिच्या वडिलांना फोनवर नाही नाही ते बोलले. ते शांतपणे म्हणाले, "आवं मॅडम, परीक्षा पुढच्या साली बी येती. असलं स्थळ येतंय व्हय?"

परीक्षेच्या दिवशी बाकीच्या मुलांसाठी मी सेंटरवर गेले, तर गेटवर सारिका! साखरपुड्याची साडी, हातात हॉलतिकीट.

"अगं, तू इथं कशी?"

"सकाळी धाकटे काका म्हणाले, तुला कोडी येत्यात, तूच लाव गाड्या. थोरले काका, मामा आणि आत्याचे यजमान. तिघांचं तिघांशी वाकडं, आन् गाड्या दोन. मी इचारलं, ह्यातले कोण दोघं एका गाडीत बसणार, सांगा. तितनं जी भांडणं लागली! मी एसटी धरली."

ती आत गेली. पेपर सुरू झाला आणि माझा फोन वाजला. तिचे वडील.

"मॅडम, सारिका तितं हाय का?"

"पेपर लिहितेय!" मी कडाडले. "आणि तुम्ही? पोचलात का कोरेगावला?"

"न्हाई वं. तिसरी गाडी आणली. आता मानाच्या पयल्या गाडीत कोण, त्यावर अडलंय."