‘मला विचारा’ म्हणणारे गांगुर्डे गुरुजी

दामोदर गांगुर्डे गुरुजी चार महिने माझ्या वॉर्डात होते. तरी त्या चार महिन्यांत माझी-त्यांची ओळख झाली नाही, हे लिहिताना लाज वाटते. मी नाशिकच्या एका रुग्णालयात मनोरुग्ण विभागाची परिचारिका होते आणि माझ्या लेखी ते नऊ नंबरची खाट होते. खरी ओळख झाली ती ते बरे होऊन घरी गेल्यावर, गोळ्या न्यायला आले तेव्हा.

आणीबाणी उठून वर्ष-दीड वर्ष झाले असेल. इगतपुरीच्या प्राथमिक शाळेतले हे शिक्षक रेल्वेत नोकरीला असलेल्या धाकट्या भावासोबत डॉक्टरांसमोर बसले होते. डॉक्टरांनी भावाकडे पाहून विचारले, "झोप लागते का याला? चिडचिड करतो का?"

गुरुजी शांतपणे म्हणाले, "डॉक्टरसाहेब, झोपतो मी आणि विचारता भावाला? मला विचारा ना."

डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिले, 'उद्धट'. तो शब्द मी डोळ्यांनी वाचला आहे.

पुढे दर महिन्याला गोळ्या न्यायला आले, की गुरुजी व्हरांड्यातल्या बाकावर बसत आणि शेजारच्यांना विचारत, "वॉर्डात तुम्हाला काय सोसवलं नाही?" उत्तरे एका वहीत उतरवून घेत. एकदा त्यांनी ती वही मला वाचून दाखवली. संडासाला आतून कडी नाही. गोळी कशाची, हे कुणी सांगत नाही. दाखल होताच चष्मा काढून घेतात.

"सिस्टर, चार महिने मला एक अक्षर वाचता आलं नाही. कुठं होता हो माझा चष्मा?"

"कपाटात," मी म्हणाले. त्या कपाटाची किल्ली माझ्याच कमरेला असे. काच फोडून कुणी स्वतःला इजा करून घेईल, म्हणून तो नियम होता. पण गुरुजींच्या बाबतीत तशी भीती आहे का, हे मी एकदाही कुणाला विचारले नव्हते.

त्याच सुमारास विभागासाठी नवी इमारत बांधायचे ठरले. मी ती वही गुरुजींकडून मागून घेतली आणि बैठकीत प्रमुखांपुढे ठेवली. ते म्हणाले, "आता वेडे आम्हाला दवाखाना चालवायला शिकवणार का?" सगळे हसले. मी गप्प राहिले. त्या हसण्याइतकाच माझ्या गप्प राहण्याचाही मला आज संताप येतो.

गुरुजींनी मात्र बैठकीत बोलू द्यावे म्हणून अर्जांमागून अर्ज केले. अखेर नव्याने आलेल्या एका तरुण डॉक्टरांनी आग्रह धरला, तेव्हा बैठकीत गुरुजींना खुर्ची मिळाली. "सांगा तुमची कहाणी, पाच मिनिटांत," प्रमुख म्हणाले.

"कहाणी सांगायला नाही आलो, साहेब. खिडक्यांचं बोलायला आलोय. नकाशात त्या डोक्याच्या वर काढल्यात. खाटेवर बसल्या माणसाला बाहेरचं दिसलं पाहिजे."

इतिवृत्तात या सूचना कुणाच्या नावावर लागल्या? 'एका नातेवाइकाच्या'! गुरुजींनी प्रत परत पाठवली आणि सोबत लिहिले, 'मी कुणाचा नातेवाईक म्हणून आलो नव्हतो. रुग्ण लिहा.' दोन महिने पत्रे जात-येत राहिली, तेव्हा कुठे तो एक शब्द बदलला.

चष्मे परत मिळू लागले. संडासांना कड्या लागल्या, अडीअडचणीला बाहेरूनही उघडतील अशा. बैठकीला दोन माजी रुग्ण बोलावण्याचा पायंडा पडला. खिडक्या मात्र होत्या तेवढ्याच उंच राहिल्या. आजही तिथे माणसे भिंतीकडे पाहत बसतात, आणि याचा जाब कुणी कुणाला विचारत नाही!

गुरुजींनी माझ्यावर कधी राग धरला नाही. "किल्ली तुमच्याकडं होती सिस्टर, नियम तुमचा नव्हता," ते म्हणतात. हा त्यांचा मोठेपणा. मी स्वतःला इतक्या स्वस्तात सोडत नाही.

गुरुजींच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथाच्या संपादकांनी मला निरोप धाडला : 'आजाराचा उल्लेख टाळावा, कुटुंबाला संकोच वाटेल.' गुरुजी आता नाशकातच राहतात; मी तडक गंगापूर रोडवरील गुरुजींच्या घरी गेले. निरोप ऐकून गुरुजी नुसते हसले. त्यांच्या पत्नी शांताबाई चहा ठेवत होत्या, त्या थांबल्या.

"चार महिने मी इगतपुरीहून डबा घेऊन यायचे. दारातनंच परत पाठवायचे मला. तेव्हा नाही कुणाला माझा संकोच आठवला! लिहा तुम्ही, सगळं लिहा."

म्हणून लिहिले. गुरुजींना परवा साठ वर्षे पूर्ण झाली. दाराच्या आत-बाहेर गेलेले या दोघांचे ते चार महिने आम्हाला परत देता येत नाहीत. पुढची पुष्कळ वर्षे तरी त्यांना निरोगी, एकत्र आणि ताठ मानेने लाभोत.