कप्प्यातले रुमाल

शववाहिनी चालवणाऱ्या दादांनी उभ्या आयुष्यात कधी करकचून ब्रेक मारला नव्हता. ते निवृत्त झाले तेव्हा लेकीने भेट दिली ती शर्यतीच्या ट्रॅकवर वेगात गाडी चालवायला शिकवणाऱ्या शाळेतल्या एका दिवसाची. दादा हरखले खरे, पण आदल्या संध्याकाळी त्यांचा धीर सुटला.

"मला वेग जमायचा नाही गं," स्वतःची गाडी पुसता पुसता ते बायकोला म्हणाले.

"कसा जमणार? तुमच्या पाहुण्यांना कधी घाईच नव्हती!"

आपलीच गाडी घेऊन या, पण तिच्यात एकही सुटी वस्तू नको, असं शाळेने बजावलं होतं. बायकोने छत्री काढली, बाटली काढली आणि पुढचा कप्पा उघडला. आत इस्त्री केलेल्या रुमालांची चळत होती. अंत्यविधी आटोपल्यावर एकटं उरलेलं माणूस दादा शववाहिनी जागेवर लावून याच गाडीतून घरी सोडत. ते शेजारी बसून रडू लागलं, की मुकाट्याने रुमाल पुढे करत आणि त्याचं रडू ओसरेपर्यंत गाडी मुद्दाम हळू चालवत.

बायकोने ती चळत मांडीवर घेतली.

"अहो, उद्या शेजारी कोण बसणार?"

"शिकवणारे मास्तर."

"म्हणजे हसतंखेळतं माणूस. मग पळवा की खुशाल!"

चळत घेऊन ती उठली, पण एक रुमाल तिने दादांच्या खिशात कोंबला. "असू दे. तुमचा वेग बघून मास्तरच रडले तर?"

दादा खो-खो हसले. मग म्हणाले, "आण बघू ते लेकीने दिलेलं हेल्मेट. डोक्यात बसतंय का पाहतो."