बुकित बातोकचे बंदूकवाले

दळवीकाकांनी माझं नाव विचारायच्या आधी माझा हात मोजला. सिंगापुरात बुकित बातोकला त्यांच्या मुलाच्या, समीरच्या, फ्लॅटमध्ये मी भाड्याची खोली बघायला गेलो होतो. समीर मला कपाट उघडून दाखवत होता, तेवढ्यात सोफ्यावरचे पांढऱ्या मिशांचे गृहस्थ उठले. त्यांनी माझा उजवा हात कोपरात वाकवला, खाचेपासून तर्जनीपर्यंत वीत टाकली आणि निकाल दिला, "सव्वातेरा इंच. ह्यापेक्षा लांब दस्ता घेऊ नका. दुकानदार गळ्यात मारंल, पर घेऊ नका. रायफल बाहीत अडकती आन् सावज निघून जातं."

जिथे खिशात एक काडतूस सापडलं तरी माणूस थेट तुरुंगाच्या वाटेला लागतो, त्या देशात मला मिळालेला हा पहिला सल्ला. खोली मी घेतली.

काका गारगोटी गावचे. तीन पिढ्यांचं बंदूक दुरुस्तीचं दुकान. काकू गेल्यावर समीरनं त्यांना इकडे आणलं. समीर जुरोंग ईस्टला एका कंपनीचं सॉफ्टवेअर सांभाळायचा, त्याची बायको केतकी स्वतःची नोकरी, घर आणि सासरे सांभाळायची आणि काकांना सांभाळायला काहीच उरलं नसल्यामुळे ते ज्ञान सांभाळत बसायचे. ऐकणारा मिळाला की ते सांडायचं. "मोठ्या बोराच्या बंदुकीची हौस म्हंजी खांद्याला निळं गोंदण. जनावर न्हाई बघायचं, आपला खांदा बघायचा आन् रायफल घ्यायची."

नात इरा म्हणायची, "आजोबा, पुलीस विल कॅच यू, लाह!" केतकीला ही गंमत वाटत नव्हती. बंदूक आणि रायफल हे दोन्ही शब्द कुठल्याही भाषेतल्या शेजाऱ्याला कळतात. तिनं फर्मान काढलं, की घराबाहेर ‘तंबोरा’ म्हणायचं. काकांनी ते निमूट पाळलं. लिफ्टमध्ये ते मला खणखणीत आवाजात सांगू लागले, "तंबोरा साफ करायचा तर मागनं. तोंडाकडनं गज घातला की तोंड झिजतं आन् नेम जातो. आन् चामड्याच्या पिशवीत कधी ठेवू नये. चामडं पाणी पितं आन् लोखंडाला पाजतं." हे ऐकून वरच्या मजल्यावरच्या जोशीबाईंनी त्यांना विचारलं, मुलीला गाणं शिकवाल का? काकांनी गंभीरपणे विचारलं, "पोरीचा खांदा केवढा हाय?"

बंदूक नसली तरी हात स्वस्थ बसत नव्हते. घरातल्या सगळ्या बिजागऱ्या, कात्र्या, इराची सायकल यांना तेल मिळायचं. तेही मोजून. "भाजीला घालतो तसं न्हाई, डोळ्याला काजळ घालतो तसं." केतकी मसाला करायला बसली की तिच्या ओट्यावरचे बाकीचे डबे ते उचलून ठेवत. काडतूस परत भरताना टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा असावा, भरताना बोलू नये आणि गोळी बसवण्याआधी प्रत्येक काडतुसात उजेडात डोकावून बघावं, असा त्यांच्या वडिलांचा दंडक होता. "ज्यानं घाई केली त्याच्या बोटांची मोजदाद दुसऱ्यानं केली," असं ते म्हणत. केतकी वैतागायची. पण त्या घरात चहात मीठ कधी पडलं नाही, हेही खरं.

मी तेव्हा विद्यापीठात डॉक्टरेटनंतरचं संशोधन करत होतो. विषय धातूंचा थकवा. बारीक पितळी नळ्यांवर भार टाकून त्या किती फेऱ्यांनी फुटतात ते मोजायचं. पण माझ्या नळ्या भार टाकायच्या आधीच, कपाटात पडल्या पडल्या उभ्या चिरायला लागल्या. चार महिने गेले. मी नळ्यांचा पुरवठादार बदलला, यंत्र तपासलं, सूक्ष्मदर्शकाखाली शेकडो फोटो काढले. करार संपायला दीड महिना उरला होता. प्रोफेसर सभ्य माणूस. ते फक्त एवढंच म्हणाले, की निकाल नसताना मुदतवाढ मागणं त्यांना जड जाईल. मुदतवाढ नाही म्हणजे इथे राहायचा पास नाही आणि पास नाही म्हणजे पुण्याचं तिकीट.

एका रविवारी सकाळी मी चिरलेली नळी जेवणाच्या टेबलावर ठेवून तिच्याकडे बघत बसलो होतो. काकांनी ती उचलली, खिडकीशी नेली, चिरेवरून नख फिरवलं.

"डॉक्टर, हे थकून फुटलेलं न्हाई. ह्येला वास लागलाय."

"कसला वास?"

"तुमच्या तिथं गोठा कुठं हाय?"

मी हसलो. सिंगापूरच्या विद्यापीठात तिसऱ्या मजल्यावर गोठा! समीरही हसला. काका हसले नाहीत. म्हणाले, "आमच्याकडं एक इनामदार यायचे. त्यांनी काडतुसं तबेल्याच्या माळ्यावर ठिवली. पावसाळ्यात एकेकाची मान आपोआप उभी चिरली. घोड्याच्या मुताची वाफ पितळ खाती. वडील म्हणायचे, ओढून लांब केलेल्या पितळंच्या अंगात राग ऱ्हातो. त्यो जरा शेकून काढायचा, आन् वासापासनं लांब ठिवायचं."

हसू तिथंच थांबलं. मूत म्हणजे अमोनिया. अंगातला राग म्हणजे अंतर्गत ताण. हे सगळं दुसऱ्या वर्षाच्या पुस्तकात होतं, त्यावर मी परीक्षेत उत्तर लिहिलं होतं आणि मला उत्तम मार्क मिळाले होते.

सोमवारी कपाट उघडलं. नळ्यांच्या खालच्याच फळीवर काचा पुसायच्या द्रावणाचा कॅन होता, झाकण अर्धवट लावलेलं. लेबलवर अमोनिया. कॅन हलवला, नव्या नळ्या भट्टीत हलक्या आचेवर शेकल्या. त्यातली एकही चिरली नाही. महिन्याभरात पहिले निकाल आले आणि मला दोन वर्षांची मुदतवाढ मिळाली.

हे निदान कुणाचं, ते मी प्रोफेसरांना सांगितलं. त्यांनी काकांना आमच्या बैठकीत बोलवा असा आग्रहच धरला. केतकीनं काकांचा शर्ट इस्त्री केला आणि पुन्हा पुन्हा बजावलं, की फक्त पितळेबद्दल बोलायचं. काका अर्धा तास बोलले, मी भाषांतर केलं. दहा देशांची मुलं वह्यांत लिहून घेत होती. शेवटी एका मुलीनं विचारलं, "तुम्ही किती जनावरं मारलीत?"

मी भाषांतर केलं. काका म्हणाले, "एकबी न्हाई."

मुलं हसली. त्यांना तो विनय वाटला.

परत येताना बसमध्ये मी विचारलं, "खरंच एकही नाही?"

काका खिडकीबाहेर बघत म्हणाले, "विसाव्या वर्षी एकदा नेम धरला हुता. त्याच इनामदारांनी बक्षीस म्हणून पहिली गोळी मला दिली. सांबर हुतं. साठ पावलांवर, आडवं उभं. रायफल त्यांची, पर साफ मीच केलेली, माझ्या खांद्याला बसणारी. माशी बसली म्हणून त्यानं कान हलवला. घरच्या म्हशीसारखा. मग माझं बोट हललं न्हाई."

"मग?"

"म्हणलं, चाप अडकला."

बंदूकवाल्याच्या पोरानं आपल्या दुकानातून निघालेल्या रायफलचा चाप अडकला असं चार शिकाऱ्यांसमोर म्हणणं म्हणजे काय, ते मला हळूहळू कळलं. इनामदारांनी भर जंगलात वडिलांच्या कामाला नावं ठेवली. वडिलांनी रायफल दुकानात आणून सुटी केली, दोन दिवस एकेक भाग भिंगाखाली धरला. खोट नव्हतीच.

"तिसऱ्या दिवशी इनामदार आले," काका म्हणाले. "वडिलांनी रायफल त्यांच्या हातात दिली आन् म्हणाले, चापात खोट हुती, माझ्याच हातची चूक. मला काय बोलले न्हाईत. मरेपर्यंत त्यावर एक शब्द न्हाई. पुढं कुणी शिकारीला न्यायला आलं की म्हणायचे, पोराला दुकानात काम हाय."

एवढं सांगून काका उतरायच्या घाईला लागले. घरी बोलू नका, असंही म्हणाले नाहीत.

पुढच्या वर्षी ते गारगोटीला परतले आणि दिवाळीआधी गेले. साधा ताप, चार दिवसांचा. समीर विधी आटोपून आला त्या संध्याकाळी इथल्या मराठी लोकांच्या ग्रुपवर श्रद्धांजल्यांची रीघ लागली होती. कुणी ‘सह्याद्रीचा वाघ’ लिहिलं, कुणी ‘शेकडो सावजं टिपणारा शेवटचा शिकारी’. जोशीबाईंनी ‘थोर संगीतसाधक’ म्हटलं.

समीर फोनवरून बोट फिरवत बसला होता. म्हणाला, "बाबांनी खरंच किती मारली असतील रे? मी कधी विचारलंच नाही. विचारायची भीती वाटायची."

मी त्याला बसमधली गोष्ट सांगितली. इनामदार, सांबर, वडील, सगळी.

त्यानं सगळ्या श्रद्धांजल्या पुन्हा वरपासून वाचल्या. मग ग्रुपवर त्यानं एकच ओळ लिहिली, "बाबा बंदुका दुरुस्त करायचे." पाठवली, आणि फोन पालथा ठेवून दिला.