उमरेडचं आवतन

बाबांच्या संदेशातला तारेचा दाखला ऐकून आई तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "तारवाला बरा. तो दारापर्यंत तरी येतो."

बाबा वाचायचे थांबले. नाताळच्या उपासनेत संदेश द्यायची त्यांची ती पहिलीच वेळ. विषय होता देवाचा शब्द. रोज जेवणाआधी ते आम्हाला लिहिलेला संदेश वाचून दाखवत, आणि रोज काहीतरी खोडत.

मिशनच्या शाळेत शिकवत असल्यामुळे त्यांना सगळं सोपं करून सांगायची सवय होती. हा विषय मात्र सोपा होत नव्हता. शब्द म्हणजे अक्षरं नव्हेत, आवाजही नव्हे... त्या शब्दानेच जग झालं आणि शेवटी तोच माणूस होऊन आपल्यात राहिला. हे चर्चच्या मंडळीला कसं सांगायचं? म्हणून त्यांनी दाखला शोधला होता. दूरचा बाप तार करतो, तशी देवाने तार केली.

आईचा टोमणा दाखल्याला नव्हता. तो बाबांना होता, आणि बाबांना तो कळला.

नाताळनंतर आठवड्याने माझं लग्न होतं. नागपूरचं राजधानीपण गेल्याला वर्ष-दोन वर्षं झाली असतील. सीताबर्डीच्या छापखान्यातून बाबांनी सोनेरी कडांची कार्डं छापून आणली होती. त्यातलं एक उमरेडला मोठेबाबांना, म्हणजे त्यांच्या थोरल्या भावाला, टपालाने गेलं होतं. उत्तर नव्हतं.

बाबांनी तरुणपणी बाप्तिस्मा घेतला आणि ते विणकराचं घर त्यांच्यापुरतं बंद झालं. भांडण असं झालं नाही. येणंजाणं थांबलं, एवढंच. मोठेबाबांना मी एकदाच पाहिलं होतं, आजी गेली तेव्हा. त्यांनी मला मागाशेजारी बसवून हातात धोटा दिला होता. मला ते लग्नात हवे होते. दुसरं काही मी मागितलं नव्हतं.

उमरेडला आमच्या लोकांत लग्नाचं आवतन द्यायला घरचा माणूस स्वतः जातो. कागदावर कुणी उठून येत नाही. बाबा तिथेच वाढलेले, त्यांना हे माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. पण कार्डाला नकार मिळाला तर तो कार्डाला मिळतो... दारात उभ्या माणसाला मिळाला तर?

मी म्हणाले, "बाबा, देव स्वतः आला असं तुम्ही सांगणार. आणि उमरेडला कार्ड."

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग विचारलं, इतवारीहून सकाळची गाडी किती वाजता.

छोट्या रुळांची ती गाडी. थंडी होती. मी बाबांना एकदा संत्रं सोलून दिलं, ते त्यांनी तसंच हातात धरून ठेवलं.

उघड्या दारातून मोठेबाबा मागावर दिसत होते, मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडून. आम्ही अंगणात उभे राहिलो. त्यांनी पाहिलं, पण हात थांबवला नाही. धोटा इकडून तिकडे जात होता, खट्... खट्... आमचं कार्ड आढ्याच्या बांबूत खोचलेलं होतं, सोनेरी कड बाहेर.

बाबा शाळेत शुद्ध बोलत. अंगणात त्यांची भाषा आपोआप परत आली.

"दादा, पोरीचं लग्न हाय. तुले घ्याले आलो."

धोटा थांबला.

"कार्ड भेटलं होतं," मोठेबाबा म्हणाले. "पण कार्डाले म्या काय म्हणू? ये म्हणू, बस म्हणू?" मग धोटा बाजूला ठेवून, "आला तं आत ये ना गा. बाहीर काहून उभा हायेस?"

बाबा आत गेले. बस, एवढंच झालं. मी पाहिलं की त्यांच्या हातातलं संत्रं अंगणात पडलं होतं, आणि ते त्यांना कळलंही नव्हतं.

मोठ्या आईने, माझ्या थोरल्या काकूने, चहा ठेवला आणि मला मागाकडे ओढत नेलं. "पाह्य वं पोरी. कार्ड आल्यापासून हेच विणून राहिले. म्हणे, तो आला तं देईन."

मागावर पांढरं लुगडं होतं. आमच्यात नवरीला पांढरं लागतं, हे त्यांनी कुणाकडून तरी काढून घेतलं होतं. पण पुतणीसाठी नुसतं पांढरं विणायला त्यांचा हात धजला नाही. म्हणून काठ घेतला लालभडक, चांगला चार बोटं रुंद.

नागपूरला माझं पांढरं रेशमी तयार होतं. ते पेटीतच राहिलं. मंडळीतल्या बायकांनी लग्नात त्या लाल काठाकडे पुष्कळ पाहिलं... पाहू दिलं.

पुढे मी साहित्य शिकले, शिकवलं. देवाच्या त्या शब्दावर थोरामोठ्यांनी लिहिलेलं वाचलं. ग्रीकांचा अर्थ, पंडितांचे वाद. सगळं मोलाचं आहे. पण 'शब्द माणूस झाला' असं कानावर आलं की मला ते अंगणच दिसतं, आणि उंबरा ओलांडून आत जाणारी बाबांची पाठ. तेवढं दिसलं, याबद्दल मी आजही आभार मानते.

त्या दिवशी लुगड्याचा थोडा भाग विणायचा राहिला होता, म्हणून आम्ही मुक्काम केला. दोघे भाऊ मागाशी बसले. बाबांचा हात अजून चालत होता. जरा चुकला की मोठेबाबा 'मास्तर, मास्तर' म्हणून चिडवत.

दुसऱ्या दिवशी सकाळी लुगडं मागावरून उतरलं. मोठेबाबांनी अंथरूण गुंडाळलं, मोठ्या आईने दाराला कुलूप लावलं, आणि दोघंही आमच्यासोबत इतवारीच्या गाडीत बसले. लग्नाला अजून आठवड्याहून जास्त अवकाश होता.