आईच्या झालरीला कात्री

अनिकेतने मला फसवलं. तो पुण्याचा, इथे चेन्नईत अड्यारच्या एका इंटिरियर कंपनीत डिझायनर आहे. माझं तिरुवल्लिकेणीत पडदे आणि स्टेज-डेकोरेशनचं वर्कशॉप आहे. फसवणूक पैशांची नाही. तिथे मला कुणी हरवत नाही.

हॉटेलच्या पडद्यांवरून आमची घासाघीस चालली होती. माझा आवाज चढला होता. त्यानं मधेच विचारलं, "मावशी, झालर हा शब्द मुळात कुठला हो?"

चेन्नईत सगळे फ्रिल म्हणतात. झालर उरली आहे ती आम्हा तंजावरच्या मराठी घरांत. इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. भाव राहिला बाजूला, मी बोलत बसले. संस्कृतात झल्लरी म्हणजे झांज, आणि केसांची कुरळी बटही. कापडावर यातलं काय आलं, ते जाणत्यांनी ठरवावं. आई म्हणायची, बट. तमिळमध्ये झांजेला अजून जाल्रा म्हणतात, आणि साहेबाच्या होला हो करणाऱ्यालाही.

"आमच्याकडे विनोदालाही कारुण्याची झालर असते," अनिकेत म्हणाला.

"मग तिकडच्या शिंप्यांचं कठीण आहे."

तो हसला. मी कपाटातून आईची झालर काढली. आमच्या पाळण्याची. घरातली सगळी मुलं तिच्याखाली निजली. चेन्नईबाहेर आवडी गावात राहणाऱ्या माझ्या मुलीला दिवस गेले आहेत, म्हणून ती धुऊन ठेवली होती.

ती हातानं चुणलेली होती. म्हणजे लांब रेशमी पट्टीतून दोरा ओवायचा, ओढायचा, कापड गोळा होऊन चुण्या पडतात. सगळा भार त्या एका दोऱ्यावर.

नमुन्याचा अख्खा तुकडा मी दुकानाबाहेर जाऊ देत नाही. कोपरा कापून देते. इथे कापणार काय?

"हॉटेलवाल्यांना दाखवून उद्या परत आणतो. कात्री लागणार नाही, मावशी."

मी दिली. तंजावरच्या मराठी बाईला कुणी पुण्याहून येऊन मावशी म्हणतं, तेव्हा डोकं चालत नाही.

त्यानंतर तो फोन उचलेना. बस पकडून मी अड्यारला गेले. टेबलावर झालरीचे चार तुकडे होते. वेगवेगळ्या वर्कशॉपना कोटेशनसाठी पाठवायचे म्हणून कापलेले. रेशीम खरं आहे का बघायला एकाचं टोक जाळलेलं. दोरा तुटल्यामुळे चुण्या उलगडल्या होत्या. उरल्या होत्या नुसत्या पट्ट्या.

त्याची मॅनेजर म्हणाली, "मॅडम, सॅम्पल कापतातच. तुम्हीही याच लाइनमध्ये आहात."

"सॅम्पल नव्हतं ते. याला विचारा."

अनिकेत स्क्रीनकडे बघत होता. "मी फक्त पुढे दिलं, मावशी. कुणी कापलं, कल्पना नाही."

"कात्री लागणार नाही म्हणाला होतास ना?"

"हो."

"ते पुढे सांगितलंस?"

त्यानं नकारार्थी मान हलवली.

"नवीन करून देऊ, सेम टु सेम," मॅनेजर म्हणाली. मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यांनी वॉचमनला बोलावलं, एवढं सांगते.

ती कापडं जोडता येतात. पण जागोजागी शिवण येईल, आणि जळलेलं टोक परत येणार नाही. तान्ह्या बाळाच्या डोक्यावर जळकं कापड टांगायला माझा हात धजत नाही. मुलीला अजून सांगितलेलं नाही.

गोड बोलणाऱ्याला घरची वस्तू दाखवावी, हातात देऊ नये. हे मी शिकले. त्या ऑफिसनं काय शिकायचं ते शिकावं. मला कात्री लावणाऱ्याचं नाव हवं आहे. आणि अनिकेतनं आवडीला जावं, माझ्या मुलीसमोर बसावं, आणि तिच्या आजीच्या झालरीचं काय केलं ते स्वतःच्या तोंडानं सांगावं.